धूर कोणाचा, झळ कोणाला?
जागतिक हवामान करारांतील न्याय-अन्यायाचा विचार

पृथ्वीचे तापमान वाढत आहे, ही गोष्ट आता शाळेतील मुलांनाही ठाऊक झाली आहे. दरवर्षी बहुधा नोव्हेंबर महिन्यात जगातल्या कोठल्या तरी मोठ्या शहरात सर्व देशांचे प्रतिनिधी जमतात. दोन आठवडे चर्चा चालते, अखेरच्या रात्री जागून एखादा मसुदा संमत होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याची बातमी येते. आपण ती वरवर वाचतो आणि पान उलटतो. या मोठ्या लोकांच्या चर्चेशी बोदवडसारख्या गावाचा काय संबंध, असे आपल्याला वाटते.

संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. विदर्भाकडून येणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या बोदवड स्टेशनावरून भुसावळकडे जाताना आपण पाहतो. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी आपल्या जिल्ह्यातच आहेत. म्हणजे जगाच्या हिशेबात जो धूर मोजला जातो, त्यातला थोडा आपल्या दारातला आहे. दुसरीकडे, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा वावरात, वीटभट्टीवर आणि रस्त्याच्या कामावर जो माणूस उभा असतो, तोही आपल्यातलाच आहे. तेव्हा धूर कोणी कमी करावा, किती करावा आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नांचा विचार आपणही केला पाहिजे. प्रस्तुत लेखात तो शक्य तितक्या सोप्या भाषेत करावयाचा आहे.

हरितगृह वायू म्हणजे काय?

उन्हात उभ्या केलेल्या एस.टी. बसच्या सर्व काचा बंद असतील, तर आत शिरणे अशक्य होते. ऊन काचेतून आत येते, पण आतली उष्णता सहजासहजी बाहेर पडत नाही. पृथ्वीभोवतीच्या हवेतील काही वायूंचा परिणाम ढोबळमानाने असाच होतो. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे त्यांतले प्रमुख होत. दगडी कोळसा, पेट्रोल व डिझेल जाळल्याने आणि जंगले तोडल्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो. मिथेन हा भातशेती, गुरेढोरे, कचऱ्याचे ढीग, कोळसा खाणी आणि तेलविहिरी यांतून बाहेर पडतो.

युरोपात वाफेची यंत्रे सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. जागतिक हवामान संघटनेच्या माहितीनुसार, औद्योगिक युगापूर्वीच्या तापमानाशी तुलना करता १.५ अंशापेक्षा जास्त वाढ नोंदवली गेलेले २०२४ हे पहिले वर्ष ठरले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, कारण न्यायाचा सारा प्रश्न तिच्यावर अवलंबून आहे. चुलीचा धूर संध्याकाळी दिसतो आणि सकाळी विरून जातो. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. त्याचा मोठा भाग शेकडो वर्षे हवेत टिकून राहतो. इंग्लंडमध्ये १८८० साली आणि अमेरिकेत १९२० साली जळालेल्या कोळशाचा काही वायू आजही आपल्या डोक्यावर आहे. म्हणून चालू वर्षाचा हिशेब पाहून भागत नाही, मागची बाकीही पाहावी लागते.

एका विहिरीचा दृष्टांत

समजा, एका वस्तीत वीस घरे आहेत आणि सर्वांची मिळून एकच विहीर आहे. त्यांतल्या दोन घरांनी मोठी मोटार बसवली आणि पन्नास वर्षे रात्रंदिवस पाणी उपसले. त्या पाण्यावर बागा फुलवल्या, माड्या बांधल्या. उरलेली अठरा घरे दोरी-बादलीने पाणी शेंदत राहिली. आता विहिरीने तळ गाठला. तेव्हा ती दोन घरे बैठक बोलावतात आणि म्हणतात, "संकट सर्वांवर आहे, म्हणून सर्वांनी पाण्याचा वापर सारखाच, चौथ्या हिश्श्याने कमी करावा."

वरवर पाहता हा समान न्याय दिसतो. पण चौथा हिस्सा कमी केला, तर मोटारवाल्याची बाग थोडी सुकेल आणि बादलीवाल्याच्या पोराला प्यायचे पाणी कमी पडेल. हवामान कराराच्या वाटाघाटींत तीस वर्षांहून अधिक काळ जो वाद चालू आहे, तो मुळात या विहिरीचाच वाद आहे.

आकड्यांत सांगायचे तर असे. आज अमेरिकेतील माणूस वर्षाला सरासरी १४ ते १५ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. भारतातील माणसाची सरासरी सुमारे २ टन आहे. जगाची सरासरी ५ टनांच्या थोडी खाली आहे. सर्वांनी सारखीच २० टक्के कपात करायची ठरवली, तर अमेरिकन माणूस १५ वरून १२ टनांवर येईल आणि भारतीय माणूस २ वरून १.६ टनांवर. कपात झाल्यावरही अमेरिकन माणसाचा वाटा आपल्या सातपटींहून अधिकच राहील. म्हणजे विषमता तशीच राहणार आणि तिच्यावर कराराचा शिक्का मात्र बसणार.

वसुंधरा परिषद ते क्योटो

या प्रश्नावरचा पहिला मोठा करार १९९२ साली झाला. त्या वर्षीच्या जून महिन्यात ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे वसुंधरा परिषद भरली. संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलविषयक मूळ करार तेथे सह्यांसाठी खुला झाला आणि मार्च १९९४ पासून तो अंमलात आला. त्यातील एक तत्त्व फार मोलाचे आहे. जबाबदारी सर्वांची आहे, परंतु ती सर्वांची सारखी नाही. ज्याने अधिक बिघडवले आणि ज्याची ऐपत अधिक, त्याने आधी पाऊल उचलावे, असा त्या तत्त्वाचा आशय आहे. सामायिक पण वेगवेगळी जबाबदारी, असे त्याला म्हणता येईल.

या तत्त्वाला प्रत्यक्ष आकड्यांचे रूप डिसेंबर १९९७ मध्ये जपानच्या क्योटो शहरात मिळाले. क्योटो करारानुसार औद्योगिक देशांनी २००८ ते २०१२ या काळात आपले उत्सर्जन १९९० च्या मानाने सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी कमी करायचे होते. भारत, चीन यांसारख्या विकसनशील देशांवर कपातीचे बंधन नव्हते.

पण पुढे काय झाले? अमेरिकेच्या सिनेटने क्योटो परिषदेपूर्वीच, जुलै १९९७ मध्ये, ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता की, विकसनशील देशांवर त्याच काळात बंधन येणार नसेल, तर अमेरिकेने अशा करारात सामील होऊ नये. पुढे अमेरिकेने करारावर सही केली, परंतु तो कधीच मंजूर केला नाही, आणि २००१ साली त्यातून अंग काढून घेतले. कॅनडाने सही केली, मंजुरीही दिली, पण उद्दिष्ट गाठता येत नाही असे दिसताच डिसेंबर २०११ मध्ये करार सोडत असल्याचे जाहीर केले. दोघांनाही कसलाच दंड झाला नाही. गावातील सोसायटीचा हप्ता थकला तर शेतकऱ्याच्या दारात नोटीस येते. जगाच्या पंचायतीत मात्र बड्यांची थकबाकी वसूल करणारा कोणी नाही.

माप कोणते धरायचे?

आकडे खोटे नसले, तरी माप चुकीचे असू शकते. हवामानाच्या प्रश्नात तीन मापे वापरली जातात आणि प्रत्येक मापाने गुन्हेगार बदलतो.

पहिले माप देशाचे. या वर्षी कोणत्या देशाने किती वायू सोडला? या मापाने चीन पहिला, अमेरिका दुसरी आणि भारत तिसरा येतो. श्रीमंत देशांना हे माप आवडते. परंतु भारतात १४० कोटींहून अधिक माणसे राहतात, ही गोष्ट त्यात लपून जाते.

दुसरे माप माणशी हिश्श्याचे. या मापाने भारत जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही खाली येतो.

तिसरे माप मागच्या बाकीचे. औद्योगिक युगाच्या आरंभापासून आजपर्यंत कोळसा, तेल आणि वायू जाळून जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. युरोपीय संघ आणि ब्रिटन मिळून पाचव्या हिश्श्याहून अधिक भरतात. जगाच्या लोकसंख्येत सुमारे १७-१८ टक्के असलेल्या भारताचा वाटा तीन-चार टक्क्यांच्या आसपास आहे.

मापाचा हा वाद प्रथम ठणकावून मांडला तो आपल्याच देशातील दोन अभ्यासकांनी. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली एक पुस्तिका लिहिली. अमेरिकेतील एका संस्थेने आदल्या वर्षीच्या अहवालात भारत आणि चीन यांना मोठ्या उत्सर्जकांच्या रांगेत बसवले होते, त्याला ते उत्तर होते. त्यांचे म्हणणे असे की, पृथ्वीची वायू शोषून घेण्याची जी शक्ती आहे, तिच्यावर प्रत्येक माणसाचा सारखा हक्क धरला पाहिजे. शिवाय, पोटासाठी भात पिकवणाऱ्याच्या शेतातून निघणारा मिथेन आणि चैनीसाठी धावणाऱ्या मोटारीचा धूर यांना एकाच तागडीत तोलणे हा अन्याय आहे.

त्याच सुमारास भातशेतीच्या मिथेनची गोष्टही घडली. भारतातील भातखाचरांतून प्रचंड मिथेन निघतो, असा अंदाज परदेशात बांधला गेला होता. डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने भारतीय शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष खाचरांत जाऊन मोजमाप केले, तेव्हा तो आकडा परदेशी अंदाजाच्या सुमारे एक दशांश निघाला. आपले माप आपण घेतले नाही, तर दुसरा आपल्या माथी काहीही मारू शकतो, हा धडा त्यातून मिळतो.

प्रत्येक माणसाचे मोल सारखे, हा विचार आपल्याला नवा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो इशारा दिला, तो आपण दरवर्षी स्मरतो. राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य. आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र विषमता. हा विरोध फार काळ टिकणार नाही, असे त्यांनी बजावले होते. ते बोलत होते भारताविषयी, परंतु आज जगाच्या व्यवहारालाही ते लागू पडते. संयुक्त राष्ट्रांत लहानमोठ्या सर्व देशांना एकेक मत आहे, पण आकाशातील हिश्श्याच्या बाबतीत एका अमेरिकन माणसाचे मोल सात भारतीयांएवढे धरले जाते.

आणखी एक संदर्भ येथे सांगण्यासारखा आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. विजेवाचून उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांवाचून गरिबांची दारिद्र्यातून सुटका होणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. गरीब देशांनी वीज वाढवूच नये, असा करार का अन्यायाचा ठरेल, याचे उत्तर या मांडणीत आहे.

साक्रीच्या पवनचक्क्या आणि धुराचा व्यापार

क्योटो करारात श्रीमंत देशांसाठी एक सोयीची वाट ठेवलेली होती. तिला स्वच्छ विकास यंत्रणा असे नाव होते. आपल्या देशातील धूर कमी करणे महाग पडत असेल, तर एखाद्या गरीब देशात धूर वाचवणारा प्रकल्प उभा राहू द्यावा, वाचलेल्या प्रत्येक टनामागे एक प्रमाणपत्र मिळावे आणि ते विकत घेऊन श्रीमंत देशाने आपल्या खाती जमा करावे, अशी ती योजना होती.

याचे उदाहरण पाहायला दूर जायला नको. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल, छडवेल परिसरात २००० नंतरच्या काळात शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. धुळे जिल्ह्यातील अनेक पवनऊर्जा प्रकल्पांची नोंद या यंत्रणेखाली झाली. हिशेब कसा होता ते पाहू. त्या काळी सव्वा मेगावॅटची पवनचक्की सर्रास वापरात होती. वर्षभरात वारा जेवढा मिळतो, त्या मानाने तिच्यातून ढोबळमानाने २० ते २२ लाख युनिट वीज मिळते असे धरू. तेवढीच वीज कोळशावर केली असती, तर जवळजवळ दोन हजार टन कार्बन डायऑक्साइड निघाला असता. म्हणजे एका पवनचक्कीमागे वर्षाला दोन हजारांच्या आसपास प्रमाणपत्रे. २००८ साली अशा एका प्रमाणपत्राला युरोपच्या बाजारात २० युरोंच्या वर भाव मिळत होता. २०१२ अखेर तोच भाव एका युरोच्याही खाली कोसळला. कापसाच्या भावाचे चढउतार आपण जाणतो, पण धुराच्या भावाने कापसालाही मागे टाकले.

या व्यवहारात वीज स्वच्छ मिळाली, हे मान्य केले पाहिजे. पण पैसा कोणाला मिळाला? ज्यांनी भांडवल घातले त्या कंपन्यांना. काही पवनचक्क्या वनजमिनींवर उभ्या राहिल्या. त्या जमिनी कसणाऱ्या आदिवासींनी आपला हक्क डावलला गेल्याची तक्रार केली आणि त्यासाठी आंदोलने केली. प्रमाणपत्र घेणाऱ्या युरोपातील कारखान्याला आपला धूर पुढे चालू ठेवण्याची मुभा मिळाली. म्हणजे धूर सोडणारा सुटला, कंपनीला नफा झाला आणि ज्याच्या डोंगरावर पाते फिरते, त्याच्या हाती काय आले, हा प्रश्न करारात कोणी विचारलाच नव्हता.

पॅरिसचा करार आणि पैशाचा प्रश्न

क्योटोची रचना मोडकळीस आल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथे नवा करार झाला. भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, त्याला मंजुरी दिली. या करारात वरून कोणावर आकडा लादलेला नाही. प्रत्येक देशाने आपापले उद्दिष्ट स्वतः जाहीर करायचे आणि दर पाच वर्षांनी ते वाढवायचे. उद्दिष्ट चुकले तरी शिक्षा नाही.

भारताने २०२२ साली जाहीर केलेल्या सुधारित उद्दिष्टानुसार, राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे होणारे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करायचे आहे. तसेच वीज निर्मितीची निम्मी क्षमता कोळसा-तेलाशिवायच्या साधनांची करायची आहे. यांतील दुसरे उद्दिष्ट आपण २०२५ सालीच, म्हणजे पाच वर्षे आधी गाठले. मात्र क्षमता निम्मी झाली, तरी प्रत्यक्ष तयार होणारी बहुतांश वीज आजही कोळशाचीच आहे, कारण सूर्य रात्री नसतो आणि वारा बारमाही नसतो. दीपनगरातील सर्वांत जुने संच बंद झाले, परंतु २०१२ मध्ये ५०० मेगावॅटचे दोन संच आणि अलीकडे ६६० मेगावॅटचा आणखी एक संच तेथे उभा राहिला, तो यामुळेच.

अमेरिका पॅरिस करारातून २०२० साली बाहेर पडली, २०२१ साली परत आली आणि २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. मागची सर्वांत मोठी बाकी ज्याच्या नावावर, तोच बैठकीतून उठून जातो, अशी ही स्थिती आहे.

आता पैशाचे पाहू. २००९ साली कोपनहेगन येथे श्रीमंत देशांनी कबूल केले की, २०२० पर्यंत ते गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करून देऊ लागतील. त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे तो आकडा प्रथम २०२२ मध्ये गाठला गेला. यातही सरकारी पैशाचा मोठा भाग अनुदान नसून कर्ज आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा जो मोठा सौर प्रकल्प आहे, त्यालाही जर्मनीच्या सरकारी विकास बँकेने कर्ज दिले होते. कर्ज वाईट असते असे नाही, आणि त्या कर्जातून चांगले काम झाले. पण ज्याने विहीर उपसली, त्याने नुकसानभरपाई म्हणून व्याजाने पैसे द्यावेत आणि त्यालाच मदत म्हणावे, हे न्यायाला धरून नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले. विकसनशील देशांची मागणी १,३०० अब्ज डॉलरची होती. भारताच्या प्रतिनिधीने तेथल्या तेथे आक्षेप नोंदवला, पण तो ठराव संमत झाल्यानंतरच ऐकला गेला.

पूर, दुष्काळ आणि वादळे यांनी झालेल्या हानीसाठी वेगळा निधी असावा, ही गरीब देशांची जुनी मागणी २०२२ साली मान्य झाली. २०२३ च्या दुबई परिषदेत त्यात सुमारे ७० कोटी डॉलरची आश्वासने आली. एवढ्या मोठ्या जगासाठी हा निधी फारच तोकडा आहे.

दरम्यान युरोपने आपल्या सीमेवर एक नवी जकात आणली आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते असा माल तयार करताना जेवढा धूर निघाला असेल, त्या हिशेबाने तो माल युरोपात आणणाऱ्याला पैसे मोजावे लागतील. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती देण्याचे बंधन होते, जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. भारताने याला विरोध केला आहे. गरीब देशाच्या मालावर बसवलेला कर श्रीमंत देशाच्या तिजोरीत जावा, यात वेगवेगळ्या जबाबदारीचे तत्त्व कोठे राहिले?

दुसरी बाजू

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. श्रीमंत देश म्हणतात की, १९९२ साली केलेल्या याद्या आता जुन्या झाल्या. चीन आज अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्या एकत्रित उत्सर्जनापेक्षा अधिक वायू सोडतो आणि त्याचा माणशी आकडाही युरोपच्या पुढे गेला आहे. आखाती देशांत माणशी उत्पन्न आणि धूर दोन्ही प्रचंड असताना ते अजून विकसनशील देशांच्या यादीत बसतात. या म्हणण्यात तथ्य आहे. यादी नव्हे, तर माप कायम असावे. चीनचा माणूस आज आपल्या जवळपास चौपट धूर सोडत असेल, तर त्याची जबाबदारीही तशी वाढली पाहिजे.

दुसरे म्हणणे असे की, पूर्वी जाळणाऱ्यांना परिणाम ठाऊक नव्हते. पण १९९० नंतर हे कारण चालत नाही, आणि औद्योगिक युगातील एकूण उत्सर्जनाचा मोठा भाग त्यानंतरचा आहे. शिवाय, अजाणता मिळवलेल्या संपत्तीचा उपभोग आजही चालू आहे. उपभोग घ्यायचा आणि देणे नाकारायचे, हे कोणत्याही पंचायतीत मान्य होणार नाही.

तिसरे म्हणणे अधिक विचार करण्यासारखे आहे. न्यायाचा वाद मिटेपर्यंत सर्वांनीच धूर चालू ठेवला, तर सर्वांत आधी बुडेल तो गरीब. हे खरे आहे. म्हणून न्यायाची मागणी ही काहीच न करण्याची सबब होता कामा नये.

न्याय घरातही हवा

येथवर आपण देशादेशांमधल्या न्यायाचा विचार केला. पण माणशी समान हक्क हे तत्त्व एकदा मान्य केले, की ते देशाच्या सीमेवर थांबत नाही. भारताची सरासरी २ टन आहे. ही सरासरी कोणाकोणाची मिळून होते?

एक साधा हिशेब करू. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. दोन दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही असलेल्या मजुराच्या घरात महिन्याला ५० युनिट वीज लागते असे धरले, तर वर्षाचे ६०० युनिट, म्हणजे ६०० किलो झाले. घरात पाच माणसे असली, तर माणशी १२० किलो. उलट, शहरातील एका खोलीतील वातानुकूलन यंत्र रोज आठ तास चालले, तर दिवसाला सुमारे १२ युनिट लागतात. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत १,२०० युनिट, म्हणजे १,२०० किलो. त्या पाच माणसांचे घर वर्षभरात जेवढा विजेचा धूर करते, त्याच्या दुप्पट एक खोली एका उन्हाळ्यात करते.

जगाच्या व्यासपीठावर आपला देश ही सरासरी दाखवतो, तेव्हा ती कमी दिसते ती या मजुराच्या घरामुळे. त्याच्या दारिद्र्याने देशाचा आकडा खाली राखला आहे. ग्रीनपीस इंडिया या संस्थेने २००७ साली आपल्या अहवालात हाच मुद्दा मांडला होता की, भारतातील श्रीमंत हे गरिबांच्या आड लपत आहेत. म्हणून परदेशात जो हक्क आपण मजुराच्या नावाने मागतो, त्याचा लाभ मायदेशात मजुरापर्यंत पोहोचला पाहिजे. अन्यथा आपली मागणी खरी असूनही पोकळ ठरेल.

तो पोहोचतो का? महाराष्ट्रात २०२४ पासून मागेल त्याला सौर कृषी पंप ही योजना सुरू आहे. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच रक्कम भरावी लागते. ही तरतूद चांगली आहे, आणि आपल्या ज्या बांधवांकडे वावर आहे, त्यांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु पंपासाठी आधी सातबारा लागतो आणि विहीर किंवा बोअर लागते. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्यासाठी या योजनेत काही नाही. आणि सर्वाधिक ऊन अंगावर घेणारा तोच आहे.

म्हणून काही मागण्या आपण आपल्या पातळीवर लावून धरल्या पाहिजेत. उन्हाळ्यात मजुरीच्या कामाच्या वेळा पहाटे आणि सायंकाळी असाव्यात, कामावर सावली आणि पिण्याचे पाणी असावे आणि उन्हामुळे काम बंद राहिले, तर मजुरी बुडू नये. पवनचक्की किंवा सौर प्रकल्प आला, तर जमीन कसणाऱ्याचा हक्क आधी ठरावा आणि गावाला उत्पन्नात नियमित वाटा मिळावा. उद्या कोळशाचे संच बंद होतील, तेव्हा कंत्राटी कामगार वाऱ्यावर सुटू नये. कामगारांच्या न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतच आहे; दीपनगरच्या फाटकावर तो शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला त्या कराराने दिला आहे. आणि आपली शिकलेली मुले वीज, सौर तंत्र आणि हवामान यांच्या अभ्यासात गेली पाहिजेत. भातखाचराचे माप आपल्या शास्त्रज्ञांनी घेतले म्हणून आळ टळला, हे विसरून चालणार नाही.

२३ जुलै २०२५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागार मतात सांगितले की, हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येऊ शकते. हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेण्यात पुढाकार होता वानुआतू या प्रशांत महासागरातील चिमुकल्या बेटांच्या देशाचा, आणि त्याची पहिली कल्पना मांडली होती तेथील विद्यापीठात शिकणाऱ्या तरुण मुलामुलींनी. सल्लागार मताने उद्या कोणाच्या खिशातून पैसा निघणार नाही, हे खरे. परंतु लहानांनी अभ्यास करून, एकत्र येऊन आणि चिकाटीने प्रश्न विचारला, तर बड्यांना उत्तर द्यावे लागते, एवढे त्यातून सिद्ध झाले. बोदवडच्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्यात निदान इतके करावे. आपल्या वस्तीत कोणाच्या घरी किती वीज लागते, उन्हाने कोणाचे किती दिवस काम बुडाले, कोण आजारी पडले, याची नोंद वहीत करून ठेवावी. हक्क मागायला जाताना हातात आपला हिशेब असावा.